दोन पाण्यांची एक रील

गळाच्या रॉडवर बसवायची, दोर गुंडाळणारी माझी पहिली रील घेतली तेव्हा तिच्या खोक्यावर '13 बेअरिंग' असं सोनेरी अक्षरांत छापलं होतं. शेजारी ठेवलेल्या, जराशा महाग रीलवर नुसतंच '4+1'. तेरा हे पाचापेक्षा जास्त असतात एवढं गणित मला येत होतं, म्हणून मी तेरावाली उचलली.

तळ्यावर आणि नदीवर तिने वर्षभर कसलीही कुरकुर केली नाही. मग मला समुद्राची चटक लागली. जेटीवरून, खडकांवरून, कधी खाडीच्या तोंडाशी. चौथ्या महिन्यात एक चांगला मासा लागला, दोन लांब धावा घेतल्या आणि तिसरीत दोर तुटला. तुटलेलं टोक ओढून पाहिलं, तर शेवटचे तीन-चार मीटर नखाला खरखरीत लागत होते. खडकाला घासला असेल म्हणून सोडून दिलं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच झालं आणि या वेळी खाली नुसती वाळू होती. खडकावर खापर फोडायची सोय उरली नाही.

घरी आल्यावर भिंग घेऊन बसलो. दोर स्पूलवर, म्हणजे तो ज्याच्यावर गुंडाळला जातो त्या रिळावर, जाण्याआधी ज्या लहानशा चाकावरून वळतो, तो लाइन रोलर. त्याच्या कडेला मिठाचं पांढरं कडं धरलं होतं आणि चाक जाम होतं. फिरतच नव्हतं. त्यामुळे ब्रेडेड, म्हणजे बारीक तंतू विणून केलेला, दोर त्याच्यावरून महिनोन् महिने करवतीसारखा घासत राहिला होता. चाकाच्या पृष्ठभागावर एक केसाएवढी खाच पडलेली होती. नख फिरवलं की अडकायचं. दोर रोज त्याच खाचेतून जायचा आणि रोज थोडा थोडा मरायचा.

मग स्क्रू काढून सगळीच उघडली. रोलरखाली बेअरिंग नव्हतंच, प्लॅस्टिकची बुश, म्हणजे नुसती नळीसारखी कडी होती. मग तेरा बेअरिंग गेली कुठे? दोन हँडलच्या मुठीत. काही अशा जागी, जिथे साध्या बुशने आयुष्यभर काम केलं असतं. म्हणजे जिथे दोराचा सगळा ताण एका बिंदूवर येतो तिथे काटकसर आणि जिथे गिऱ्हाईक दुकानात बोटाने फिरवून बघतो तिथे उधळपट्टी. दाखवायचे दात वेगळे म्हणतात, ते असे.

बाजूच्या झाकणाच्या स्क्रूंभोवती पांढरी भुकटी जमली होती. ते मीठ असेल असं वाटलं, पण ती ॲल्युमिनियमची राख होती. स्टीलचा स्क्रू ॲल्युमिनियमच्या अंगात बसवला आणि मध्ये खारं पाणी शिरलं, की तिथे चक्क एक छोटी बॅटरी तयार होते आणि तिच्यात ॲल्युमिनियम झिजत जातं. गोड्या पाण्यातही हे घडतं, पण इतकं मंद की लक्षात येत नाही. शिवाय पाणी उडून गेलं तरी मीठ मागे राहतं आणि मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणजे कोरडी दिसणारी रीलसुद्धा आतून ओलीच असते. स्टेनलेस स्टीलचाही यात फार भरवसा नाही. त्याच्यावरचा संरक्षक पापुद्रा मिठातलं क्लोराइड टोचून टोचून फोडतं आणि बारीक खड्डे पडतात. बेअरिंगच्या गोळीला एक खड्डा पुरतो.

एवढं कळल्यावर नवीन रील घ्यायचं ठरलं. रक्कमही ठरवली: जुनीच्या दुप्पट, त्यावर एक पैसा नाही. काही मित्र म्हणाले, एवढ्यात दोन स्वस्त रील्स येतील, एक खाऱ्याला एक गोड्याला. तो मोह मला झालाच नाही असं नाही. पण दोनपैकी जी समुद्रावर जाईल तिची गत पहिलीसारखीच होणार, हे दिसत होतं. उलट जी खाऱ्या पाण्याला पुरून उरेल ती तळ्यावर आपसूकच टिकेल. तेव्हा निवड समुद्राच्या बाजूने करायची आणि गोडं पाणी फुकटात पदरात पाडून घ्यायचं. तडजोड करायचीच तर ती आकारात आणि वजनात करायची, साहित्यात नाही.

हे ठरवायला एक संध्याकाळ लागली. रील निवडायला पुढचे दोन महिने.

आकाराचं कोडं आधी सोडवलं. रीलवर 1000, 2500, 4000, 6000 असे आकडे असतात आणि मला वाटायचं की बुटांच्या नंबरासारखं ते सगळीकडे सारखंच असेल. तसं नाही. एका कंपनीचं 4000 दुसरीच्या 3000 एवढं भरू शकतं. शिमानो कंपनीच्या 'सी3000' मधला 'सी' म्हणजे स्पूल 3000 चा, पण अंग लहान, 2500 चं. त्यामुळे आकडा सोडला आणि स्पूलच्या कडेवर कोरलेली दोराची जाडी आणि लांबी वाचायला लागलो. तळ्यावर मला 2500 पुरायची, खडकांवरून 5000 बरी वाटायची. शेवटी 4000 वर थांबलो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर जुनी 2500 ची 240 ग्रॅम भरली होती, हातात येऊ शकणाऱ्या धातूच्या 4000 साडेतीनशेच्या आसपास. माझ्या तळ्यावरच्या नाजूक रॉडला ती लावली की नाकापेक्षा मोती जड होणार, हे उघड होतं. ती किंमत मी मोजायला तयार होतो. दिवसभर हलकं आमिष फेकत राहणाऱ्याने मात्र याच ठिकाणी 3000 वर थांबावं.

गिअरच्या आकड्यावर लोक तासन् तास वाद घालतात. 6.2:1 म्हणजे हँडलचा एक फेरा दिला की रोटर, म्हणजे स्पूलभोवती फिरून दोर गुंडाळणारा भाग, 6.2 वेळा फिरतो, एवढंच. खरा आकडा म्हणजे एका फेऱ्यात किती सेंटिमीटर दोर गोळा होतो. स्पूलवर दोराचा व्यास 48 मिलिमीटर असेल तर एक वेढा 15 सेंटिमीटरचा, म्हणजे 6.2 ला साधारण 93 आणि 5.2 ला 78. वेगाने आमिष ओढायचं तर पहिली, जड मासा किंवा जड शिसं ओढायचं तर दुसरी. मला दोन्ही करायचं होतं, म्हणून मधलं काहीतरी घेतलं आणि विषय संपवला.

ड्रॅगवर मात्र रेंगाळलो, कारण तिथे खोक्यावरचा आकडा सगळ्यात जास्त फसवतो. ड्रॅग म्हणजे स्पूलच्या पोटातल्या चकत्यांचा ब्रेक: मासा जोरात ओढायला लागला की दोर तुटण्याऐवजी सुटावा म्हणून. खोक्यावर 'कमाल ड्रॅग 12 किलो' वगैरे लिहिलेलं असतं. पण माझा दोर 9 किलोला तुटणारा. ड्रॅग लावायचा तो दोराच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे सव्वादोन ते तीन किलो. बाकीचे नऊ किलो मी कुठे वापरणार होतो? त्यात मासा जसजसा दोर नेतो तसतसा ड्रॅग आपोआप घट्ट होत जातो, कारण ब्रेक तोच राहतो आणि वेढ्याचा व्यास कमी होतो. 48 मिलिमीटरचा 36 झाला की ताण तिसऱ्या हिश्श्याने वाढला. हे ठाऊक नसल्यामुळे लांब गेलेल्या माशावर ड्रॅग आणखी पिळणारे आणि मग दोर तुटल्यावर कंपनीला शिव्या देणारे मी पाहिले आहेत. त्यांत एकेकाळी मीही होतो.

तेव्हा बघायचं ते कमाल किती हे नाही, तर ड्रॅग सुटतो कसा. जेटीवर एक काका नेहमी येतात. सत्तरीचे असतील, त्यांच्याकडच्या रील्सचा रंग कुठला होता हे आता ओळखू येत नाही. त्यांना मी कागदावर केलेली यादी दाखवली. पेन कंपनीची बॅटल, दाइवाची बीजी, शिमानोची नॅस्की आणि आणखी दोन-तीन. त्यांनी कागद वाचलाच नाही. म्हणाले, "अरे, यादी काय दाखवतोस? काटा आहे का तुझ्याकडे?"

मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा होता. त्यांनी त्यांच्या रीलचा दोर त्याला बांधायला लावला, ड्रॅग दोन किलोवर ठेवला आणि म्हणाले, "आता ओढ. हळू. काट्याकडे बघ." काटा दोनवर गेला आणि दोर सुटायला लागला, काटा तिथेच राहिला. मग माझी तेरा बेअरिंगवाली लावली. काटा दोन, अडीच, तीनच्या पुढे गेला, मग खटकन दोर सुटला आणि काटा दीडवर आला, पुन्हा वर चढला.

"हा जो झटका आहे ना, याच्यात मासा जातो," काका म्हणाले. "आकड्यात नाही जात."

झटक्याचं कारण चकत्या. स्वस्त रीलमध्ये बहुतेक फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या तंतूंच्या जाड कापडाच्या असतात. गोड्या पाण्यात त्यांना काही होत नाही, पण खारं पाणी मुरून वाळलं की त्या चिकटतात, आणि लांब धावेत तापल्या की करपतात. कार्बन फायबरच्या चकत्या उष्णता सोसतात आणि ओल्या झाल्या तरी पकड फारशी बदलत नाही. माझ्या यादीतून यावरच दोन नावं उडाली.

अंगाचा प्रश्न तितका सरळ नव्हता. 'ग्रॅफाइट' म्हणून विकतात ते खरं तर तंतू मिसळलेलं प्लॅस्टिकच. ते गंजत नाही, हलकंही असतं, मग समुद्रासाठी तेच बरं नाही का? मलाही तसंच वाटायचं. पण जड मासा लागला की ते किंचित लवतं. आतली दोन गिअर एकमेकांना बरोब्बर लागलेली असतात, ती अर्ध्या केसाने जरी सरकली तरी दात झिजायला लागतात आणि मग हँडल फिरवताना वाळू दळल्यासारखं वाटतं. धातूचं अंग लवत नाही, पण गंजतं, आणि त्याला रंगाचा किंवा ॲनोडायझिंगचा थर जिथे निघाला तिथून सुरुवात होते. लहान माशांसाठी मी ग्रॅफाइटच घेतलं असतं. मला धातू हवा होता आणि त्याची धुण्यापुसण्याची चाकरी करायची तयारी होती.

पाणी आत शिरू न देणाऱ्या, रबरी सील लावलेल्या रील्स मिळतात. पेनच्या स्पिनफिशर सिक्सवर आयपीएक्स5 असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ कुठूनही फवारा आला तरी सोसेल. बुडवली तरी चालेल असा नाही. ती माझ्या रकमेच्या बाहेर होती. दोन दिवस हिशेब मांडून पाहिला, जमला नाही, सोडली.

दुकानात गेलो तो शेवटी खिशात दोराचा एक मीटरभर तुकडा घेऊन. विक्रेत्याने रील पुढे केली, मी हँडल फिरवण्याऐवजी तो तुकडा लाइन रोलरवरून टाकला आणि दोन्ही टोकं धरून खाली ओढत पुढेमागे केला. रोलर फिरला पाहिजे, दोर त्याच्यावरून घसरता कामा नये. पहिल्या रीलवर घसरला. दुसरीवरही. रिकाम्या हाताने टिचकी मारली तर दोन्हींचे रोलर छान फिरत होते, ताण आला की बसत होते. विक्रेता म्हणाला, "साहेब, असं कोणी बघत नाही." मी म्हटलं, "म्हणूनच बघतोय."

तिसरीचा फिरला. मग हँडल काढून पाहिलं. काही रील्समध्ये हँडल आरपार जाणाऱ्या चौकोनी दांड्यावर बसतं आणि दुसऱ्या बाजूने स्क्रूने आवळतात. तिथे कालांतराने खुळखुळ येतेच. हिच्यात आटे थेट गिअरमध्ये फिरून बसत होते, फट नाही. ड्रॅग अर्धवट आवळून स्पूल हाताने ओढला, झटक्याशिवाय सुटला. दोर अडकवायची तारेची कमान, जिला बेल म्हणतात, ती हाताने पाच-सहा वेळा उघडून मिटली. स्प्रिंग ठाम होतं. खोक्यावर बेअरिंग किती ते घरी येऊन वाचलं. 5+1. अधिकनंतरचा एक म्हणजे हँडल उलटं फिरू न देणारा रोलर क्लच. लाइन रोलरखाली त्या पाचांतलं एक होतं, याची खात्री सुट्या भागांच्या नकाशावरून करून घेतली. हा नकाशा कंपन्या देतात आणि माझ्या मते खोक्यापेक्षा तोच वाचावा.

मॉडेलचं नाव मुद्दाम सांगत नाही. दर काही वर्षांनी नाव तेच ठेवून आतलं बदलतात.

खरेदीच्या गोष्टी इथेच संपतात, पण माझ्या चुका इथून पुढे सुरू झाल्या.

स्पूलवर '0.30 – 200 मी' कोरलेलं होतं. म्हणजे 0.30 मिलिमीटरचा तंगूस, नायलॉनचा एकेरी दोर, दोनशे मीटर. मी आणला 0.20 चा ब्रेडेड, दोनशे मीटर. जागा लागते ती जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे 0.20 चा तिथे साडेचारशे मीटर मावतो. माझा दोर स्पूलच्या अर्ध्यापर्यंतही आला नाही आणि खोल बसल्यामुळे फेकताना कडेवर घासायला लागला. पण त्याहून वाईट पुढे झालं. ब्रेडेड मी थेट गुळगुळीत धातूच्या स्पूलला बांधला होता. पहिलाच बरा मासा लागला आणि दोर सरसर जायला लागला. ड्रॅग आवळला, तरी जातोच आहे. आणखी आवळला, तरी तेच. हँडल फिरवतोय आणि दोर येत नाही. दोन महिने घासून निवडलेल्या रीलचा ड्रॅग पहिल्याच दिवशी गेला, असं समजून मी तिथल्या तिथे खाली बसलो. मासाही गेला होताच.

घरी स्पूलच्या कडेवर आणि दोराच्या वेढ्यांवर मार्करने एकच सरळ रेघ मारली आणि दोर ओढला. कडेवरची रेघ जागेवर राहिली, दोरावरची पुढे सरकली. ड्रॅगला काहीही झालं नव्हतं. दोराचा अख्खा गठ्ठाच स्पूलभोवती गोल फिरत होता. ब्रेडेड धातूला धरतच नाही. खाली तंगूस गुंडाळायचा, तो ताणला जातो आणि चिकटून बसतो, त्याच्यावर ब्रेडेड. हिशेब केला तर खाली एकशे दहा मीटर तंगूस हवा होता. तो भरला, वर ब्रेडेड कडेच्या दोन-तीन मिलिमीटर खाली आला आणि दोन्ही दुखणी एकदम गेली. नंतर त्याच रीलचा जादा स्पूल मिळाला, त्याच्यावर नुसता तंगूस भरून तो गोड्या पाण्यासाठी ठेवला. एका रीलने दोन पाणी सांभाळायची खरी युक्ती मला तरी हीच सापडली: रील बदलायची नाही, स्पूल बदलायचा.

दुसरी चूक लाडापोटी झाली. पहिला मोसम संपल्यावर रील उघडली आणि दिसेल तिथे ग्रीस भरलं. गिअरला भरलं ते बरोबर, पण रोलर क्लचमध्येही भरलं. तिथे बारीक दंडगोल असतात, एका बाजूला मोकळे फिरतात आणि दुसऱ्या बाजूला पाचरीसारखे अडकतात. ग्रीसमध्ये ते तरंगायला लागले, अडकेनात. पुढच्या वेळी मासा लागला आणि हँडल उलटं गरगर फिरून माझ्या बोटांच्या पेरांवर आपटलं. एकदा नाही, चार वेळा. क्लच काढून, धुऊन, कोरडा करून, पातळ तेलाचा जेमतेम हात फिरवला तेव्हा ताळ्यावर आला.

समुद्रावरून आलो की आता ठरलेलं आहे. ड्रॅग घट्ट आवळायचा म्हणजे चकत्यांपर्यंत पाणी जात नाही. नळाचं गार पाणी हलक्या धारेने, वरून, अर्धा-एक मिनिट. बादलीत बुडवायची नाही, पाइपचा जोरदार फवारा तर नाहीच, कारण बाहेर असलेलं मीठ तो आत ढकलतो. पुसायची, सावलीत वाळवायची आणि मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवायचा, नाहीतर चकत्या दबून चपट्या होतात. रोलरवर तेलाचा एक थेंब. वाळूत पडली तर हँडलला हातसुद्धा लावायचा नाही, आधी धुवायची.

दोन मोसम असेच गेले. मग रोलर बारीक किरकिरायला लागला. फिरत होता, पण आवाज करत होता. बेअरिंग काढलं, कॅलिपरने मापलं: आतला व्यास 4, बाहेरचा 7, जाडी 2.5 मिलिमीटर. नवीन मागवायचं तर थांबावं लागणार होतं आणि दुसऱ्या दिवशी भरती सकाळची होती.

कपाटातली तेरा बेअरिंगवाली काढली. तिच्या हँडलच्या मुठीतली दोन बेअरिंग बाहेर ओढली. एक गंजून गोटा झालं होतं. दुसरं रॉकेलमध्ये धुऊन टिचकी मारली, तर बराच वेळ फिरत राहिलं. 4, 7, 2.5. तेल लावून नवीन रीलच्या रोलरखाली बसवलं, दोराचा तुकडा टाकून पुढेमागे ओढून पाहिला आणि सकाळी निघालो.